विजेवरची मालवाहू सायकल : घ्यावी की थांबावे?



लागणीच्या नोंदी घेत गटागटांतून फिरताना आम्हांला उसाखेरीजही पुष्कळ प्रश्न विचारले जातात. गाईला ताप आला, मोटारीचा स्टार्टर जळाला, पोराला कुठल्या कॉलेजात घालावे, सगळे काही. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, मोबाईलवर ती विजेची लोडाची सायकल दावत्यात. घ्यावी काय?"

आमची पदविका ऊस, माती आणि खताची, सायकलीची नव्हे. तरी प्रश्न वारंवार येऊ लागला म्हणून आम्ही थोडी माहिती घेतली, मागून आणलेली एक सायकल रानात चालवून पाहिली आणि एका सभासदाच्या घरी बसून रीतसर हिशेब मांडला. तो हिशेब सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

प्रथम एक खुलासा. या सायकलीने ऊस वाहायचा नाही. एकरी 40 टन ऊस 50-50 किलोने न्यायचा म्हटले तर 800 खेपा होतील आणि गळीत हंगाम संपून जाईल! ही सायकल आहे ती वैरणीचा भारा, दुधाची किटली, पेंडीचे पोते, नांग्या भरायला रोपांचे ट्रे, औषधाचा पंप असल्या रोजच्या किरकोळ ओझ्यासाठी.

पेट्रोलचा हिशेब

सदर सभासदांचे रान सव्वादोन एकर, दावणीला दोन संकरित गाई. घर गावात, रान 2 किलोमीटरवर, डेअरी 1 किलोमीटरवर. वैरणीच्या रोज दोन खेपा म्हणजे 8 किलोमीटर आणि सकाळ-संध्याकाळ डेअरी म्हणजे 4, असे एकूण 12 किलोमीटर.

मोटारसायकल लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये लिटर धरले, तर 12 किलोमीटरला 28 रुपये लागतात. आता विजेचे पाहू. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार करून 1000 ने भागले की युनिट निघतात. 48 व्होल्ट, 20 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जवळजवळ 1 युनिट. आमच्या पाणंदीने, ओझे घेऊन, तेवढ्यात 25 किलोमीटरच धरावेत. जाहिरातीतला आकडा धरू नये. म्हणजे 12 किलोमीटरला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, सुमारे 0.6 युनिट. युनिटला 10 रुपये लावले तरी 6 रुपये.

रोज 22 रुपये वाचले. वर्षाचे 300 दिवस धरले तर 6,600 रुपये. सायकलीची किंमत समजा 45,000 धरली, तर ती फिटायला जवळजवळ 7 वर्षे. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत दमते. लिथियमची त्याहून बरीच टिकते, पण तीही एकदा बदलावी लागणारच. तेव्हा नुसत्या पेट्रोलसाठी सायकल घ्यायची तर हा सौदा आतबट्ट्याचा आहे. आम्ही तसे वहीत लिहिलेही.

वहीत नसलेला आकडा

वही मिटता मिटता आम्ही विचारले, "अण्णा, पण आता वैरण कोण आणतं?" ते म्हणाले, "ही आणती की." मोटारसायकल मुलगा कामावर घेऊन जातो, ती सकाळी दूध घालण्यापुरतीच घरी. वैरण वहिनी आणतात, डोक्यावर. आतून चहा घेऊन येताना त्या एवढेच म्हणाल्या, "गाडी ह्यांची, भारा माझा."

तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही मांडलेला हिशेबच चुकला होता. वैरणीला पेट्रोल लागतच नव्हते, मग वाचणार कसले? आणि जे खर्च होत होते ते आम्ही मोजलेच नव्हते.

मग नव्याने मांडले. दोन गाईंना रोज साधारण 50 किलो हिरवी वैरण. डोक्यावर 25 किलोचा भारा, म्हणून दोन खेपा. एका वेळेला 2 किलोमीटर चालायला अर्धा तास, म्हणजे जाऊन-येऊन दोन खेपांना रोज 2 तास. सायकलीवर पाणंदीने अगदी सावकाश गेले तरी 2 किलोमीटरला 10 मिनिटे, म्हणजे तेवढ्याच दोन खेपा 40 मिनिटांत. रोज 80 मिनिटे वाचली. 300 दिवसांचे 400 तास, म्हणजे 8 तासांचे 50 दिवस!

गावात बाईमाणसाची मजुरी काय चालते ती ज्याची त्याने या 50 दिवसांना लावून बघावी. मान आणि गुडघे यांची किंमत त्यात धरलेली नाही. ती दवाखान्यात कळते.

कोण चालवणार?

म्हणून आमचे सांगणे असे की "किती धावते?" हे विचारण्याआधी "कोण चालवणार?" हे विचारावे. अण्णांच्या मनात मोठी, वेगाची गाडी होती. वहिनींनी शाळा सुटल्यापासून सायकलीला हात लावला नव्हता. आम्ही आणलेली सायकल त्यांनी शाळेच्या मैदानावर चार दिवस चालवली. रिकामी जमली. 50 किलो बांधल्यावर मात्र वळताना तोल जाऊ लागला. 25-30 किलोला काही त्रास झाला नाही. वरचा हिशेब दोन खेपांचा धरला तो म्हणूनच.

फजिती आमचीही झाली. युरियाचे 45 किलोचे पोते आम्ही मागच्या उंच कॅरिअरवर बांधले आणि पाणंदीत उतरलो. ट्रॉलीच्या चाकोरीत पुढचे चाक अडकले, मागचे ओझे एका अंगाला कलले आणि पोते फुटून युरिया बांधावर! तेथे पीक नव्हते, हेही लिहून ठेवतो. त्यातून शिकलो ते असे. हॉलंड-डेन्मार्ककडे अशा सायकली वापरतात, पण तिकडचे रस्ते सपाट आणि गुळगुळीत. लहान चाकांमुळे ओझे खाली राहते व तोल सांभाळतो. पण तेच लहान चाक आपल्याकडे पाटात आणि चाकोरीत बसते. शिवाय काळ्या रानात पावसाळ्यात मडगार्ड आणि चाक यांच्यात चिखल दाटतो व सायकल जागची हलत नाही. ज्यांची पाणंद चार महिने चिखलात असते त्यांनी आठच महिन्यांचा हिशेब धरावा.

कायदा आणि वीज

मोटार 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असून तसा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला असेल, तरच त्या वाहनाला पासिंग व लायसन लागत नाही. पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशीच एक संस्था. त्यापुढचे प्रत्येक वाहन ही गाडी. तिला नोंदणी, विमा, लायसन सगळे आले. जुन्या सभासदांना 1972 साली निघालेली लुना आठवत असेल. ती 2024 मध्ये विजेवर परत आली. ती सायकल नव्हे, पासिंगची गाडी आहे. दुकानदार "वेग वाढवून देतो" म्हणाला तर नको म्हणावे. अपघात झाला तर तो सोबत येणार नाही.

चार्जिंग घरच्या मीटरवरच करावे. शेतीपंपाच्या जोडणीवर करू नये. दिलेल्या कारणाखेरीज वीज वापरणे हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. बॅटरी उन्हातून आल्या आल्या लावू नये. वैरण, पाचट, चूल यांच्याजवळ तर मुळीच नको. चार्जर ज्या त्या कंपनीचाच वापरावा.

घेण्यापूर्वी

1. आठ दिवस वहीत खेपा लिहा : कुठून कुठे, किती किलो, कोणी नेले.
2. "वाहनक्षमता 120 किलो" यात चालवणारा धरलेला असतो का ते विचारा. धरलेला असेल तर 60 किलोच्या माणसाला 60 किलोच ओझे उरते.
3. दुकानासमोरच्या डांबरीवर नव्हे, आपल्या पाणंदीत, वाळूचे पोते बांधून चालवा. जी व्यक्ती रोज चालवणार तिनेच चालवावी.
4. नव्या बॅटरीची किंमत आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते का, हे लेखी घ्या.
5. पीककर्जाच्या पैशातून घेऊ नका. उसाच्या बिलातून आधी सोसायटी, मग खोडव्याचे खत, आणि उरले तर सायकल. खोडवा उपाशी ठेवून घेतलेली सायकल पुढच्या वर्षी रिकामीच फिरेल.

अण्णांनी बिल होईपर्यंत दम धरला. खोडव्याची पहिली मात्रा दिली आणि मगच खालच्या कॅरिअरची, साधी, 25 च्या वेगाची सायकल घेतली. वहिनी वैरण आणतात. परवा आम्ही गेलो तेव्हा अण्णा स्वतः दूध घालायला तीच मागत होते आणि "माझ्या खेपा होऊ द्यात" असे उत्तर त्यांना मिळाले. अजून पावसाळा बघायचा आहे. तो गेल्यावर काय झाले ते याच पानावर लिहू.

ज्यांना आपला हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी गट कार्यालयात जरूर यावे. वही आमची, आकडे तुमचे. आणि येताना घरच्या लक्ष्मीला बरोबर आणावे. भारा कुणाच्या डोक्यावर आहे ते तिथल्या तिथे कळेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग