बिऱ्हाडगाडी घेण्यापूर्वीं

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ज्याला घर नाहीं, ठावठिकाणा नाहीं, अशा माणसाविषयीं ती थोड्या कींवेनेंच योजिली जात असे. आतां मात्र ज्याचें घर चांगलें ऐसपैस आहे त्यालाही वर्षांतून चार दिवस विंचवासारखें राहावें अशी हौस वाटूं लागली आहे. कारंजा लाड येथील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचेंच उदाहरण घ्यावें. दाराशीं मोटार आहे. नागपूर ते मुंबई हा समृद्धि महामार्ग गांवाजवळून जातो; त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. लोणारचें सरोवर, वेरूळचीं लेणीं आणि शिर्डी हीं सर्व आतां एका दिवसाच्या पल्ल्यांत आलीं आहेत. अशा वेळीं मोटारीमागें जोडून न्यावयाची, आंत निजण्याची व रांधण्याची सोय असलेली एक लहानशी गाडी घ्यावी, असा विचार सहजच मनांत येतो. हिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. बिऱ्हाडगाडी म्हटलें तरी चालेल. मुलांना आनंद, वडीलधाऱ्यांच्या पथ्यपाण्याची सोय आणि हॉटेलच्या खर्चाची बचत, असे तिचे गुण विक्रेता सांगतो व ते खोटे नसतात. परंतु स्वस्त बिऱ्हाडगाडीची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. ती कोठें दडलेली असते, हें घेणाऱ्यानें आधींच पाहिलें पाहिजे.

ही कल्पना वऱ्हाडाला अगदींच परकी नाहीं. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुखभर फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे या भागानें पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. छत घातलेल्या दमणींतून जत्रेला निघालेलीं कुटुंबें वाटेंत विहिरीपाशीं चूल मांडीत आणि रात्रीं गाडीखालींच निजत. विलायतेंत केवळ हौसेखातर असा प्रवास करण्याची प्रथा डॉ. गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थानें १८८५ सालीं घडवून घेतलेल्या ‘वाँडरर’ नांवाच्या घोडागाडीपासून सुरू झाली असें मानतात. मोटारीमागें जोडण्याच्या बिऱ्हाडगाड्या तेथें पहिल्या महायुद्धानंतर, म्हणजे १९१९ च्या सुमारास, विक्रीस येऊं लागल्या. महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण २०२१ सालीं जाहीर केलें. तेव्हां हौस जुनी आहे. नवें आहे तें तिच्यामागचें यंत्र आणि त्या यंत्राचा वेग.

प्रथम वजनाचा विचार करूं. विक्रेता जें वजन सांगतो तें रिकाम्या गाडीचें असतें, आणि रिकामी गाडी घेऊन कोणी प्रवासास निघत नाहीं. समजा, रिकाम्या ट्रेलरचें वजन ५५० किलो आहे. त्यांत पाण्याची टांकी भरली कीं ६० लिटरचे ६० किलो झाले. विजेची बॅटरी ३०, गॅसचें लहान सिलिंडर व शेगडी २५, अंथरूण-पांघरूण ३०, भांडीं व शिधा ४०, कपडे ३०, ताडपत्री व टेकू ३०, जादा चाक व हत्यारें २५. ही बेरीज २७० किलोंची झाली. म्हणजे रस्त्यावर निघालेला ट्रेलर ८२० किलोंचा आहे. घरांतील कोणतीही वस्तु यांत चैनीची म्हणून घेतलेली नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

आतां मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. मोटारीनें मागें किती वजन ओढावें, याचा आंकडा कारखानदारानें दिला असेल तर तो तेथें सांपडतो. अनेक लहान मोटारींच्या पुस्तिकांत तो दिलेलाच नसतो, आणि कांहींत तर ट्रेलर जोडूं नये असें स्पष्ट सांगितलेलें असतें. आंकडा नाहीं, याचा अर्थ परवानगी आहे असा घेऊं नये. सपाट रस्त्यावर मोटार ट्रेलर ओढते खरी. पण घाट चढतांना एंजिन तापतें, क्लच जळतो आणि उतारावर ब्रेकची परीक्षा होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. मोटार हें अंथरूण, ट्रेलर हे पाय.

वजन किती आहे यापेक्षांही तें कोठें आहे, ही गोष्ट अधिक नाजूक आहे. ती समजावयास इंग्रजी पुस्तकांची जरूरी नाहीं. वऱ्हाडांतील कोणताही गाडीवान ती दोन शब्दांत सांगेल. ओझें मागें अधिक झालें कीं बैलगाडी ‘उलार’ होते. जूं वर उचललें जातें आणि बैलांचे गळे आवळतात. ओझें पुढें अधिक झालें कीं गाडी ‘धुरजड’ होते. सारा भार मानेवर येऊन बैल लवकर थकतात. जाणता गाडीवान म्हणून पोतीं रचतांना मधल्या आंसाचा अंदाज घेतो आणि जुंवावर थोडासाच भार ठेवतो.

मोटारीच्या ट्रेलरलाही हाच नियम आहे. तो उलार असला तर मोटारीची मागची बाजू उचलूं पाहतो, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि वेग वाढतांच ट्रेलर सापाच्या शेपटीसारखा दोन्ही बाजूंना झुलूं लागतो. एकदां हा झोल वाढला कीं तो मोटारीलाही आपल्याबरोबर फिरवतो, आणि उलथून पडणें मग क्षणाचें काम असतें. उलट धुरजड ट्रेलरानें मोटारीची मागची बाजू दबते, पुढचीं चाकें हलकीं होतात व वळण नीट घेतां येत नाहीं. साधारण हिशेब असा कीं, भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडणीच्या हुकावर असावा. वरील उदाहरणांत तो ८२ किलो होतो. हा भार हुकाला व मोटारीला सोसतो कीं नाहीं, हेंही पुस्तिकेंतच पाहावें. कारण मोटारीच्या दृष्टीनें तें मागें बसलेलें एक जादा माणूसच आहे. जड वस्तु आंसाच्या आसपास व तळाशीं ठेवाव्या. सर्वांत मागें व उंच फळीवर कधींही ठेवूं नयेत. एकूण वजन धर्मकांट्यावर करून घ्यावें. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या कारंज्यासारख्या गांवीं तो फार शोधावा लागत नाहीं. हुकावरचा भार तर घरच्या वजनकांट्यावर लांकडाचा ठोकळा ठेवूनही मोजतां येतो. मात्र त्या वेळीं ट्रेलर सपाट जमिनीवर असावा व त्याच्या चाकांना उटी लावलेली असावी. एवढें करूनही रस्त्यांत झोल जाणवलाच, तर चक्र सरळ धरून वेग आपोआप उतरूं द्यावा; घाबरून ब्रेक दाबूं नये आणि झोल मोडण्यासाठीं वेग वाढवूंही नये.

स्वस्त ट्रेलरांत बहुधा पहिली काटकसर ब्रेकवर होते. युरोपांत भरलेलें वजन ७५० किलोंहून अधिक असेल, तर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. आपल्या उदाहरणांतील ट्रेलर त्या मर्यादेच्या पुढें गेला आहे. ट्रेलर मागून रेटूं लागतांच दांडा दबून आपोआप लागणारा ब्रेक मिळतो. तो असलेलाच ट्रेलर निवडावा. हुक निसटल्यास ट्रेलर सुटून जाऊं नये म्हणून सांखळीही असावी. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यासाठीं ब्रेकला करावें लागणारें काम चौपट होतें, हें शाळेंत शिकलेलें गणित येथें जिवावर बेततें. विलायतेंत मोठ्या महामार्गावरही ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस ताशीं ६० मैल, म्हणजे सुमारें ९६ किलोमीटर, एवढीच मर्यादा आहे; जर्मनींत ती सामान्यतः ८० किलोमीटर आहे. समृद्धि महामार्गावर शेजारून मोटारी १२० च्या वेगानें जात असल्या, तरी ट्रेलरवाल्यानें त्यांच्याशीं स्पर्धा करूं नये.

जुना ट्रेलर घ्यावयाचा असेल, तर रंगावर जाऊं नये. खालीं वांकून सांगाड्याचे सांधे पाहावे. नव्या रंगाखालीं गंज किंवा पुन्हां केलेलें वेल्डिंग दिसलें तर मागें फिरावें. आंत शिरल्यावर आधीं वास घ्यावा. कुबट वास आला, कोपऱ्यांतील फळी बोटानें दाबतांच दबली, किंवा छताच्या सांध्यापाशीं डाग दिसला, तर पावसाचें पाणी आंत मुरलें आहे असें समजावें. टायरच्या बाजूवर चार आंकडे एकत्र छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षाचे अकरा महिने उभाच असल्यामुळें टायरचीं नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हानें तडकलेलें असतें. टायरवरील भारांकही पाहावा. ८२ हा अंक असेल तर तो टायर ४७५ किलो पेलतो, दोन मिळून ९५०. मग ८२० किलोंस ते पुरतात. बैलगाडीच्या तुंब्याला वंगण लागतें तसेंच ट्रेलरच्या बेअरिंगलाही लागतें. वीस किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. चटका बसण्याइतकें तें तापलें असेल तर आंत दोष आहे.

राहण्याच्या सोयींतही हवामान विसरूं नये. मे महिन्यांत वऱ्हाडांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याचें छत उन्हांत तव्यासारखें तापतें. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरली तर ६०० वॅट-तास वीज देते. २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर त्यांतील २०० खर्च होतात, दिवेही निभावतात. वातानुकूल यंत्र मात्र तिच्यावर अर्धा-पाऊण तासाहून अधिक चालणें कठीण. म्हणून जाड अस्तराचें छत आणि समोरासमोर खिडक्या यांवर खर्च केलेला अधिक बरा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यानें तो तळाशीं सांचतो. त्यासाठीं जमिनीलगत झरोका हवा, आणि वाटेंत सिलिंडर बंद हवें. निजतांना आंत शेगडी किंवा निखारे कधींही ठेवूं नयेत. बंद जागेंत तयार होणाऱ्या विषारी वायूस वास नसतो. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या शेतांत ट्रेलर नेऊं नये. चिखलांत रुतलेलें चाक मोटारीनें निघत नाहीं, ट्रॅक्टरच आणावा लागतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वयें ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसावा लागतो. गांवच्या कारखान्यांत ट्रॉलीच्या धर्तीवर ट्रेलर करून घेण्याचा विचार असेल, तर विसार देण्यापूर्वीं वाशीमच्या परिवहन कार्यालयांत त्याची नोंदणी होईल कीं नाहीं तें लेखी विचारावें. मोटारीला हुक बसविण्याविषयींही तेथेंच विचारावें, कारण वाहनांत मन मानेल तसा फेरफार करण्यास कायद्याची मोकळीक नाहीं. विमा कंपनीस ट्रेलरची माहिती द्यावी. आणि धांवत्या ट्रेलरांत मुलांना, मग तीं कितीही हट्ट करोत, बसूं देऊं नये.

शेवटचे दोन प्रश्न घरचेच आहेत. पहिला जागेचा. ज्यांचें घर दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस किंवा पोहा वेस यांच्या आंतल्या जुन्या वस्तींत आहे, त्यांनीं आधीं गल्लीची रुंदी व वळण मोजावें. मागें घेतांना ट्रेलर चक्राच्या उलट दिशेस वळतो. ही कला रिकाम्या मैदानावर शिकल्यावांचून बोळांत शिरूं नये. दुसरा प्रश्न हिशेबाचा. समजा, ट्रेलरला तीन लाख रुपये पडले आणि दहा वर्षें, दरवर्षीं बारा रात्री तो वापरला. एकूण १२० रात्री झाल्या, म्हणजे एका रात्रीस २५०० रुपये. त्यांत दुरुस्ती, विमा, टायर व जादा इंधन अजून धरलेलें नाहीं. एवढ्यांत धर्मशाळा नव्हे, बऱ्यापैकीं हॉटेलही मिळतें.

म्हणून शक्य असेल तर आधीं एखादी बिऱ्हाडगाडी भाड्यानें आणावी. ती पूर्ण भरून धर्मकांट्यावर न्यावी, पन्नास किलोमीटर चालवावी आणि एक रात्र सर्व कुटुंबानें तींत काढावी. सकाळीं ज्येष्ठांची पाठ दुखत नसेल, मुलें पुन्हां जाऊं म्हणत असतील आणि मोटारीच्या पुस्तिकेंतील आंकडा भरलेल्या वजनाहून मोठा असेल, तर ती खुशाल घ्यावी. तो आंकडा लहान असेल, तर विक्रेत्यानें कितीही सूट दिली तरी घेऊं नये. अशा कुटुंबानें चांगला तंबू घ्यावा. तो मोटारींतच मावतो, आणि लोणारच्या आकाशांतील तारे त्यांतूनही तितकेच दिसतात.