पाच सुपाऱ्या आणि पळीभर तेल

सोनगीरचा किल्ला मागे टाकून आग्रा रोडने धुळ्याला यायचं आणि तिथून चाळीसगावची वाट धरायची. चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरांत, पाटणादेवी. खानदेशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते.

गर्दी असते ती चंडिकेच्या देवळात. उंच जोतं, दगडावर दगड बसवलेला आणि भिंत सरळ म्हणून नाही. कोपऱ्यामागून कोपरा काढत ती गाभाऱ्याभोवती वळते. परिसरातलं महादेवाचं देऊळ मात्र पुष्कळांचं राहूनच जातं. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने ते बांधायला घेतलं, तो वारला आणि राणी श्रीदेवीच्या कारभारात, शके १०७५ म्हणजे इ.स. ११५३ मध्ये, ते पुरं झालं. आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री यादवांच्या दरबारी आला तो यानंतर शंभरेक वर्षांनी!

खरी दौलत आहे ती चंडिकेच्या देवळातला शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. (तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव वेगळे.) आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणी’सारखे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ काढला आणि १२०७ च्या चंद्रग्रहणाच्या पर्वावर सोइदेव निकुंभाने मठाला दान दिलं. लेखाची सुरुवात संस्कृतात आहे. पैशाअडक्याची गोष्ट निघाली की भाषा मराठीवर येते, कारण ते बाजाराला समजायला हवं. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या मठाला. जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. माल मोजायचा तो मठाच्याच मापाने आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा.

म्हणजे आडगावातल्या देवळाच्या आश्रयाने गणित शिकवलं जात होतं आणि त्याचा खर्च तेली, वाणी, गिऱ्हाईक मिळून उचलत होते. भास्कराचार्य मूळचे इथलेच का, यावर विद्वान खुशाल वाद घालोत. मला या तेलाच्या पळीचं मोल जास्त वाटतं.

पाटणादेवीला गेलात तर ओटी भरून लगेच परतू नका. शिलालेखापाशी थोडं थांबा, मुलांना तो दाखवा आणि महादेवाच्या देवळालाही चक्कर मारून या.