पोकलेन बंद असतो तेव्हा

दरड कोसळली की पहिल्या तासात हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, 'पोकलेन कधी येतोय?' पोकलेन हे खरं तर फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणायचो, तसं साखळीवर चालणारं उत्खननाचं कुठलंही यंत्र आपल्याकडे पोकलेन. टायरवरचा, मागे सोंड असलेला तो जेसीबी. तीही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाची आद्याक्षरं.

जेसीबी सात-आठ टनांचा, रस्त्यानं स्वतःच धावत येतो, म्हणून आधी पोहोचतो. वीस टनी पोकलेन ट्रेलरवरून आणावा लागतो. पण जिथं चाकं रुततात तिथं तो रुंद साखळ्यांवर वजन पसरून उभा राहतो आणि जागचा न हलता गर्रकन फिरून ढीग दुसरीकडे टाकतो. अर्थात, हे सगळं तिथवर रस्ता असेल तर.

डोंगरावरच्या इर्शाळवाडीला रस्ताच नव्हता. 19 जुलै 2023च्या रात्री दरड आली. डोंगराची चढण पायी, वर पाऊस आणि धुकं. यंत्रं खालीच राहिली. कुदळी-फावडी घेऊन माणसं चार दिवस उकरत होती. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता ठरले आणि शोध थांबवला गेला. पुढच्याच वर्षी, 30 जुलैला, वायनाडमधल्या चूरलमालाचा पूल दरडीत वाहून गेला, तेव्हा लष्कराच्या अभियंत्यांनी 190 फुटांचा बेली पूल 1 ऑगस्टला उभा केला. क्षमता 24 टन. हा आकडा महत्त्वाचा, कारण एवढं वजन पेलणाऱ्या पुलावरूनच पोकलेन पलीकडे जातो.

ढिगाऱ्यावर मात्र पोकलेनच्या ताकदीचीच धास्ती वाटते. ऑपरेटरच्या दोन्ही हातांत एकेक दांडा: डावा यंत्र फिरवतो आणि कोपर हलवतो, उजवा मुख्य सोंड आणि बकेट. खाणीत बकेट भरून उपसणं हे कौशल्य. इथं ते विसरावं लागतं. वरून पातळ थर सोलायचा, बाजूला पसरायचा, माणसांनी तो हातानं चाळायचा. पायथा खणला तर वरचा उतार पुन्हा सुटतो. पडलेल्या इमारतीत स्लॅब ओढला तर खालची पोकळी मिटते, आणि जिवंत माणूस असतो तो त्या पोकळीतच. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020ला पाच मजली इमारत पडली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा सुमारे 19 तासांनी जिवंत निघाला. एवढ्या वेळात बकेटचा एखादा घाईचा फटका जीव जायला पुरेसा असतो. म्हणून माझ्या मते चांगला ऑपरेटर किती उपसतो यावरून नाही, इशारा करणाऱ्याच्या वर गेलेल्या मुठीकडे बघून किती चटकन थांबतो यावरून ओळखावा.

मूठ वर गेली की सगळी इंजिनं बंद होतात. बचाव पथकाचे जवान ढिगाऱ्याला कान लावतात, हाक मारतात, वाट बघतात. नेमकं तेव्हाच कडेच्या गर्दीतून कुणीतरी ओरडतं, 'काम का थांबवलंत?' तुम्ही कधी त्या गर्दीत असलात, तर एवढंच करा: गप्प उभे राहा आणि शेजाऱ्यालाही गप्प करा.