अध्यापनावाचून अध्ययन अपुरे

महाविद्यालयातून बाहेर पडलेला वैद्य आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसायात स्थिरावला, की त्याचा हातगुण वाढतो. ग्रंथ मात्र हळूहळू कपाटात जातात. शिकविणे हे प्राध्यापकांचे काम, अशी सोयीस्कर समजूत आपण करून घेतो. ती शास्त्रास धरून नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. म्हणजे शिकविणे हे केवळ शिष्यावरील उपकार नव्हे, ते वैद्याच्या स्वतःच्या ज्ञानवृद्धीचेही साधन होय. दोषदूष्यांचा विचार आपण कसा केला, हे दुसऱ्यास समजावून सांगू लागलो म्हणजेच त्यातील कच्चे दुवे ध्यानी येतात.

यासाठी महाविद्यालयातील आसन हवेच असे नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने पदवीधरांस अनुभवी वैद्यांच्या सान्निध्यात वर्षभर शिकण्याची सोय करून गुरुशिष्य परंपरेस आधुनिक रूप दिले. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस खेडे ही पाठशाळा वाटते. मग देश, काल व सात्म्य यांवर चिकित्सा उभारणाऱ्या आपणांस ती का वाटू नये?

औषधी विक्रेत्यांचाही यात वाटा आहे. ‘रास्ना’ या एकाच नावाने प्रांतोप्रांती भिन्न वनस्पती विकल्या जातात. दक्षिणेत त्या नावाखाली कुलिंजन वापरतात. अशा द्रव्यांचे नमुने शेजारी ठेवून ओळख करून देणारे दुकान हा द्रव्यगुणाचा उत्तम वर्ग ठरेल.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एकदा संधाय संभाषा भरावी. जिंकण्याचा हेतू नसलेली ही मैत्रीची चर्चा होय. तीत एक रुग्ण, एक ग्रंथसंदर्भ आणि एक द्रव्य एवढेच विषय असावेत. नवपदवीधरांस अगत्याने बोलवावे. रुग्णाचा इतिहास, निदान, दिलेली मात्रा, अनुपान व परिणाम यांची लेखी नोंद राहावी. गुण न आलेल्या रुग्णांची तर अवश्य राहावी, कारण शंका तेथेच उपस्थित होतात.

वैद्याने तीस वर्षांत मिळविलेला अनुभव कोणास दिला नाही, तर तो त्याच्याबरोबरच संपतो. गावोगावी असे कितीतरी धन आजवर मातीस मिळाले. उरलेले तरी आपण राखावे.