रिमांड होममधून परतलेले मूल

हातून गुन्हा घडलेले मूल निरीक्षणगृह किंवा विशेष गृहातून, म्हणजे आपल्या बोलीतल्या रिमांड होममधून, घरी आले की गल्लीत कुजबुज सुरू होते. घरचेही त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. वास्तविक या मुलाला पाळतीपेक्षा आधाराची आणि उपचाराची गरज अधिक असते.

पौगंडावस्थेत भावना चटकन उसळतात. त्यांना आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. म्हणून गुन्हा क्षम्य ठरत नाही. पण या वयातला मुलगा बदलू शकतो, हे निश्चित.

लक्षणे ओळखा

झोप न लागणे, दचकून उठणे, घाईघाईने जेवणे, एकलकोंडेपणा, क्षुल्लक कारणावरून संताप ही मनावरील ताणाची लक्षणे असू शकतात. त्यांना माजोरीपणा समजू नये. गर्दीत राहिल्याने खरूज झालेली असू शकते, ती तपासून घ्यावी. तंबाखू वा अन्य व्यसन असल्यास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ‘जगून काय उपयोग?’ अशी भाषा आली तर मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय कायदा, २०१५ मुलाला नव्याने सुरुवात करण्याची संधी देतो. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी जुनी नोंद उघड करायची नसते. अशा मुलाचे नाव वा छायाचित्र छापणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला असेल, तर मात्र ही सवलत नाही.

पालकांनी काय करावे?

उठण्याजेवणाच्या वेळा ठरवाव्यात. शाळा किंवा एखादे हातकाम लवकर सुरू करावे. जुना विषय भांडणात उकरून काढू नये. मात्र ज्याचे नुकसान झाले त्याच्या दुःखाविषयी मुलाशी शांतपणे बोलावे. पश्चात्ताप मारून येत नाही, समजून येतो. अडचण आल्यास परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटावे.

आणि शेजाऱ्यांनी? त्याला नावाने हाक मारावी, गुन्ह्याने नव्हे. गावाने दार बंद केले, तर त्याला पुन्हा जुन्याच सोबत्यांचे दार ठोठवावे लागते.