‘एकटे झोपायची भीती वाटते का?’ हा प्रश्न गोसीखुर्दच्या मुलांना चालेल?

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे गावे उठली. आता पुनर्वसित गावठाणांत वाढणाऱ्या मुलांच्या मनावर किती ताण आहे, हे मोजायचे कसे?

मुलांमधील चिंता आणि नैराश्य तपासण्यासाठी अनेक देशांत ‘आरकॅड्स’ ही ४७ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ‘कधीच नाही’ला ० गुण, ‘नेहमी’ला ३. त्यात एकटे झोपण्याच्या भीतीचाही प्रश्न आहे. पण सगळे घर एकाच खोलीत झोपत असेल, तर मुलाने काय सांगावे? ‘हो’ म्हटले की गुण वाढतात, आजार नसतानाही.

म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. मराठी मसुदा दुसऱ्या कुणीतरी पुन्हा इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडून पाहायचा. मग मुलांनाच विचारायचे, ‘यातून तुला काय समजले?’ शेवटी तज्ज्ञाने गुण न पाहता मुलाशी बोलून निदान करायचे. प्रश्नावलीचे उत्तर त्याच्याशी कितपत जुळते, यावरून धोक्याची रेषा ठरते. वेळखाऊ काम आहे, पण टाळता येत नाही.

समजा, १,००० मुलांपैकी ७० खरोखर त्रासात आहेत. आजारी आणि निरोगी, दोन्ही मुले ओळखण्यात प्रश्नावली ८० टक्के अचूक आहे. तरी ५६ सापडतील, १४ सुटतील आणि १८६ धडधाकट मुलांवर उगाच शिक्का बसेल. त्यामुळे ही फक्त चाळणी, निदान नव्हे.

मूल गप्प गप्प राहत असेल, शाळा टाळत असेल, तर प्रश्नावलीची वाट पाहू नका. ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक १४४१६ आहे.