रायसेनचा डोंगर आणि दिलेला शब्द

भोपाळास पाहुणे आले म्हणजे त्यांस काय काय दाखवावे, हा प्रश्न येथील मराठी घरांतून नेहमीच पडतो. पहिल्या दिवशी मोठा तलाव आणि ताज-उल-मसाजिद पाहून होते. पुढे एखादा रविवार मोकळा सापडला म्हणजे सांचीचा स्तूप अथवा भीमबेटक्याच्या गुहा ठरलेल्याच. या दोहोंस जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आहे. सांचीस १९८९ साली व भीमबेटक्यास २००३ साली. त्यांतही भीमबेटक्याची चित्रे १९५७ साली जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्याच भाषेचे, म्हणून तिकडे आपली पावले अंमळ अधिक वळतात. परंतु ही दोन्ही स्थळे ज्या जिल्ह्यात मोडतात, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावी, म्हणजे रायसेनास, आपण होऊन जाणारा प्रवासी विरळा. त्या उपेक्षित डोंगरी गावाची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहोत.

भोपाळहून सागरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरांवर रायसेन लागते. विंध्याच्या वालुकाश्माचा एक सपाट माथ्याचा डोंगर, त्याच्या कडेने धावणारा दगडी तट आणि पायथ्याशी बिलगून वसलेले गाव, असे त्याचे पहिले दर्शन घडते. राजवासिनी, म्हणजे राजाचे निवासस्थान, या शब्दावरून रायसेन हे नाव पडले असे म्हणतात. जिल्ह्याचे ठिकाण ते १९५० साली झाले. किल्ल्याचे वय मात्र कित्येक शतकांचे आहे. तटास नऊ दरवाजे व तेरा बुरूज असल्याचे सांगण्यात येते. आज हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

गावातून वर जाणारी पायऱ्यांची वाट चढून दरवाजांतून आत शिरले, की बादल महाल, रोहिणी महाल, इत्रदान महाल, हवा महाल अशा वास्तू एकामागून एक भेटतात. कोठे कमानी शाबूत आहेत, कोठे छत ढासळून आकाश दिसते. इत्रदान महालात मुलांना विशेष मौज वाटेल अशी एक गोष्ट आहे. तेथील एका भिंतीच्या कोनाड्यात तोंड घालून हळूच बोललेला शब्द समोरच्या भिंतीच्या कोनाड्याशी कान लावणाऱ्यास स्पष्ट ऐकू येतो. मध्ये उभ्या असलेल्यास मात्र काही कळत नाही. ज्याने ही भिंत बांधली त्याला ध्वनीची किमया ठाऊक असली पाहिजे.

परंतु या डोंगरावरील खरे नवल महालांत नसून पाण्यात आहे. एवढ्या उंचीवर ना नदी, ना झरा. जे काही मिळायचे ते आभाळातून, आणि तेही वर्षातून चार महिने. म्हणून छतावर व अंगणात पडणारे पाणी नाल्यांवाटे खाली आणून ते दगडी टाक्यांत साठविण्याची व्यवस्था येथे केलेली दिसते. चार मोठे तलाव व चौऱ्याऐंशी टाकी अशी त्यांची मोजदाद सांगितली जाते. आपल्याकडील रायगडावरचा गंगासागर किंवा इतर गडांवरची खोदीव टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या व्यवस्थेचे मर्म सांगावयास नको. डोंगरावरचे गाव शत्रूस सहसा जिंकता येत नाही. तहानेस ते सहज जिंकता येते.

हे सत्य जगात सर्वत्र सारखेच आहे. इटलीमध्ये ओर्व्हिएतो नावाचे एक लहानसे गाव असेच एका उभ्या कड्यावर वसले आहे. १५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी याच गावी आश्रय घेतला. वेढा पडल्यास गाव पाण्यावाचून मरेल, या चिंतेने त्यांनी तेथे एक विहीर खोदविण्यास प्रारंभ केला. सुमारे ५३ मीटर खोल अशा त्या विहिरीत २४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांभोवती गुंफलेले आहेत. एका जिन्याने पखालीची खेचरे उतरत व दुसऱ्याने चढत, म्हणजे वाटेत त्यांची गाठ पडत नसे. हे काम १५३७ साली, म्हणजे पोप क्लेमेंट यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, पुरे झाले. त्याच दशकात, ओर्व्हिएतोपासून हजारो मैलांवर, आमच्या या रायसेनच्या टाक्यांची खरी कसोटी लागत होती.

१५३२ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने रायसेनास वेढा घातला. किल्ला सिलहादी नावाच्या राजपूत सरदाराचा होता. पण सुलतानाने त्यास आधीच कैद केले होते आणि गडाचा भार त्याचा भाऊ लक्ष्मण याजवर पडला होता. शेवटी आशा उरली नाही, तेव्हा राणी दुर्गावतीने अनेक स्त्रिया व मुले यांसह अग्निप्रवेश केला, आणि सिलहादी व त्याचा भाऊ हाती तलवार घेऊन लढत पडले. (गढा-मंडल्याची राणी दुर्गावती, जी १५६४ साली रणांगणावर मरण पावली, ती ही नव्हे, नामसादृश्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.)

पुढे सिलहादीचा मुलगा पुरणमल याने किल्ला पुन्हा हाती घेतला, आणि १५४३ साली रायसेनपुढे शेरशहा सूर येऊन उभा राहिला. शेरशहा हा सामान्य पुरुष नव्हता. रुपयाचे नाणे ज्याने रूढ केले, हमरस्ते बांधून त्यांवर सराया उभारल्या, तोच हा राज्यकर्ता. अकबराच्या आज्ञेवरून त्याचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी सांगतो, की छावणीतील व बाजारातील पितळेची भांडीकुंडी गोळा करून, ती वितळवून त्याने तोफा ओतविल्या. महिन्यांमागून महिने मारा चालला. तरीही तट उभा होता.

अखेर बोलणी झाली. पुरणमलाने किल्ला सोडावा आणि आपली बायकामुले, माणसे व चीजवस्तू घेऊन सुखरूप निघून जावे, असा शब्द शेरशहाने दिला. त्या शब्दावर विसंबून पुरणमल खाली उतरला व त्याने बाहेर तळ दिला. यानंतर पुरणमलाने पूर्वी केलेल्या जुलमांच्या तक्रारी शेरशहापुढे आल्या. आणि अशा माणसास दिलेले वचन पाळण्याचे बंधन नाही, असा निर्णय काही धर्मपंडितांनी दिला. एका पहाटे पुरणमलाचा तळ सैन्याने वेढला गेला. काय होणार हे उमगताच त्याने आपली पत्नी रत्नावली हिचा स्वतःच्या हाताने शिरच्छेद केला व इतरांनीही तसेच करावे असे सांगितले. ती गोड गळ्याने गात असे, एवढीच तिच्याविषयीची आठवण सरवानीने नोंदविली आहे. मग पुरुष लढत लढत मारले गेले. जी थोडी मुले जिवंत हाती लागली त्यांची दैना मरणाहून वाईट झाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. जो तट पितळेच्या तोफांनी पडला नाही, तो एका शब्दाने उघडला. आणि तो शब्दच खोटा निघाला. शेरशहाची मनापासून वाखाणणी करणारे इतिहासकारही या प्रसंगास त्याच्या चरित्रावरील डाग मानतात. रायसेनानंतर तो फार जगला नाही. १५४५ साली कालंजरच्या वेढ्यात दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा अंत झाला.

हा दोष एका धर्माच्या माथी मारून मोकळे होणे फार सोपे आहे, आणि आजकाल तसे करण्याची हौसही पुष्कळांस असते. पण इतिहास आपल्या अंगणातही डोकावतो. १४१४ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेस यान हुस हा बोहेमियाचा धर्मोपदेशक गेला, तो राजा सिगिस्मुंड याचे अभयपत्र घेऊन. तेथे त्यास पकडण्यात आले व जिवंत जाळण्यात आले. त्याच्या त्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली उघडपणे खेद व्यक्त केला. समोरचा पापी आहे, म्हणून त्यास दिलेला शब्द आपणांस बांधत नाही, हा युक्तिवाद कोणत्याही धर्माच्या पंडितास सुचू शकतो.

याच्या उलट उदाहरण यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. गिबोनी लोकांनी दूरदेशीचे असल्याचे सोंग करून, फसवून इस्राएलाकडून अभयवचन मिळविले. सोंग उघडे पडले, लोक चिडले. पण वडीलधाऱ्यांनी सांगितले की शपथ झाली आहे, आता यांस हात लावता येणार नाही. पुढे शौल राजाने ती शपथ मोडली, आणि दाविदाच्या काळी त्यापायी तीन वर्षे दुष्काळ सोसावा लागला. शब्द कोणास दिला याला तेथे महत्त्व नाही. तो आपण दिला, हेच पुरे. आपण घरी मुलांस, दुकानी गिऱ्हाइकास, शेतावरील गड्यास किती शब्द देतो! त्यांतील किती आपल्याहून दुबळ्याला, मोडले तरी कोणी विचारणार नाही अशाला दिलेले असतात! पुरणमलाची गोष्ट राजेरजवाड्यांची खरी, पण तिच्यातील मोह आपल्या ओसरीवरचाच आहे.

असो. आता रायसेनाच्या पुढील काळाकडे वळू. अकबराच्या राज्यात हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण झाले. १७६० च्या सुमारास भोपाळचे नवाब फैज महंमद खान यांनी किल्ला घेतला, आणि भोपाळ संस्थान १९४९ साली भारत सरकारच्या हाती येईपर्यंत तो त्या संस्थानातच राहिला. नवाबी काळापासूनची एक चाल मात्र अद्याप टिकून आहे, आणि तिच्यासाठी एकदा तरी रमजानच्या महिन्यात रायसेनास जावे.

त्या महिनाभर गडावरून रोज दोन वेळा तोफ डागली जाते. एकदा पहाटे सहरीची वेळ संपताना आणि एकदा सायंकाळी रोजा सोडताना. पूर्वी ही तोफ मोठी होती. तिच्या हादऱ्याने किल्ल्यास इजा होऊ नये म्हणून आता लहान तोफ वापरतात. जिल्हाधिकारी त्यासाठी एक महिन्याचा परवाना देतात. गावातील मशिदीच्या मिनारावरचा दिवा लागला, की वर वाट पाहणारा गोलंदाज बत्ती देतो आणि तो आवाज आसपासच्या खेड्यांतून ऐकू जातो. ईद झाली म्हणजे तोफ साफसूफ करून सरकारी कोठारात परत ठेवली जाते.

गडावर सोमेश्वर महादेवाचे मंदिरही आहे. त्याचे दार वर्षभर बंद असते. १९७४ साली लोकांनी केलेल्या चळवळीनंतर ते महाशिवरात्रीच्या एका दिवशी उघडू लागले. त्या दिवशी गावोगावचे भाविक डोंगर चढून येतात. बाबा पीर फतेहउल्ला शाह यांच्या दर्ग्यावर तर हिंदू व मुसलमान दोघेही जातात. एवढ्या छोट्या डोंगरावर इतक्या आठवणी व इतक्या श्रद्धा दाटीवाटीने नांदत आहेत. त्या सदैव वादावाचून नांदल्या असे आम्ही म्हणत नाही. तथापि दार ठरल्या दिवशी उघडते, तोफ ठरल्या क्षणी वाजते, आणि त्या भरवशावर गाव चालते.

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी पावसाळा सरल्यावर निघावे. तेव्हा तलाव भरलेले असतात आणि चढताना उन्हाचा ताप होत नाही. पायांत चांगले जोडे व बरोबर पिण्याचे पाणी असावे. सांची येथून सुमारे २३ किलोमीटरांवर असल्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. मात्र आधी रायसेन करावे, म्हणजे पायऱ्या सकाळच्या गारव्यात चढून होतील. मुलांना इत्रदान महालाच्या कोनाड्याशी अवश्य न्यावे. एका भिंतीशी पुटपुटलेला शब्द पलीकडे जसाच्या तसा पोहोचतो, हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकावे. आणि खाली उतरताना, याच डोंगराच्या पायथ्याशी एकदा दिलेला शब्द कसा पोहोचला नाही, तेही त्यांस समजेल अशा बेताने सांगावे.